द्वारपालाचा टोप

सासऱ्यांच्या डोक्याचा घेर घ्यायला मी शिंप्याची टेप घेऊन त्यांच्यासमोर उभा राहिलो, तिथून या प्रकरणाला सुरुवात झाली. जावयाने सासऱ्याचं डोकं मोजावं असा प्रसंग सहसा येत नाही. बहुधा उलटंच चालतं.

सासरे खुर्चीत ताठ बसले होते. "जावईबापू, केसांसकट मोजताय की केस सोडून?"

सोडण्याइतके केस त्यांच्या डोक्यावर राहिले नव्हते, पण तसं म्हणणं बरं दिसलं नसतं. "सकट," मी म्हणालो.

सासरे विलक्षण उंच. ही उंची त्यांना आयुष्यात एकदाच कामी आली. एरवी सगळी नोकरी त्यांनी बुटांच्या दुकानात केली. एवढा उंच माणूस दिवसभर जमिनीवर गुडघा टेकून लोकांच्या पावलांशी बोलत असे. पण तरुणपणी कुणाच्या तरी ओळखीने त्यांना एका चित्रपटात उभं केलं गेलं होतं. पाताळनगरीच्या दारात एक द्वारपाल असतो, तो हवा होता. अंगावर झूल, डोक्यावर हनुवटीपर्यंत येणारा तांबूस टोप, टोपाला डोळ्यांच्या जागी दोन भोकं. संवाद नाही, चेहरा दिसत नाही, नामावलीत नाव नाही. नायक दाराशी येतो, द्वारपाल त्याच्याकडे बघतो, मान जराशी उजवीकडे कलवतो आणि बाजूला होतो. संपलं काम.

पण ती मान लोकांच्या लक्षात राहिली. नायक कोण होता हे आज फारसं कुणी सांगणार नाही, द्वारपालाची मान मात्र अजून सांगतात.

त्या मानेमागचा विचार आम्ही घरातल्यांनी इतक्या वेळा ऐकला होता की आमच्यापैकी कुणालाही तो झोपेत म्हणता आला असता. "मी मनाशी म्हटलं," सासरे सांगत, "हा माणूस युगानुयुगं या दारात उभा आहे. त्याला आता कशाचंच नवल वाटत नाही. मग समोर आलेल्याकडे तो बघेल कसा? म्हणून मान जरा अशी केली." 'अशी' म्हणताना ते फक्त हात कलता करत. मान कधी करून दाखवत नसत. कुणी आग्रह केला तर म्हणत, "टोपाशिवाय नाही."

या चित्रपटाच्या चाहत्यांचं एक मंडळ असतं, ते वर्षातून एकदा जमतं आणि त्याला चिटणीस वगैरे असतो, हे आम्हाला माहीत नव्हतं. एके दिवशी तो चिटणीस सासऱ्यांचा पत्ता शोधत आमच्या घरी आला. बारीक माणूस, छातीशी धरलेली फाईल, आणि चेहऱ्यावर पोस्टमार्टम करणाऱ्या डॉक्टरसारखं गांभीर्य. सासऱ्यांना वाकून नमस्कार करून तो म्हणाला, "पडद्यावरची सर्वांत सुंदर मान तुमची आहे." सासरे बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. पुढचे कित्येक दिवस ते अधूनमधून आपल्याशीच "सर्वांत सुंदर" असं पुटपुटताना दिसत.

चित्रपटाची नवी स्वच्छ केलेली प्रत मंडळ एका सभागृहात दाखवणार होतं. तिथे सासऱ्यांनी टोप घालून मंचावर यावं अशी चिटणीसाची इच्छा होती. मूळ टोप चित्रीकरण संपताच मोडीत गेलेला.

"बाजारात मिळतात ना तसले टोप?" आमच्या हिने विचारलं.

चिटणीसाला ते लागलं. "मिळतात. फार सुबक असतात. चकाकतात. आम्हाला सुबक नकोय, बरोबर हवाय."

आता मी वजन-मापे खात्यात निरीक्षक आहे. 'बरोबर' हा शब्द माझ्यासमोर कुणी अशा आवाजात उच्चारला की मला गप्प बसवत नाही. "मी करून देतो," मी म्हणालो. हिने माझ्याकडे पाहिलं. मागे मी स्वयंपाकघरात फळी लावली होती, तिच्याकडे पाहतात तसं.

चिटणीसाने फाईल उघडली. नव्या प्रतीतून त्याने टोपाची चित्रं मोठी करून घेतली होती, समोरून, बाजूने, मागून. ती पाहून मी चाट पडलो. इतकी वर्षं धुरकट प्रतीत जो टोप राजेशाही वाटत होता, तो चक्क वाकडा होता. डावा गाल फुगलेला. कपाळावरच्या भेगेत रंगारी भरतात ती लांबी भरलेली. रंगाचा एक ओघळ नाकावरून खाली येऊन तसाच वाळलेला. आणि डावं भोक उजव्यापेक्षा चांगलं दोन बोटं खाली.

"हे सगळं हवं," चिटणीस म्हणाला. "ओघळसुद्धा. आम्ही चुका जपतो."

मला हा माणूस आवडला.

तर डोकं मोजलं. सासऱ्यांचं आणि माझं डोकं मापाने एकच निघालं. "मापानेच," ही म्हणाली. त्यामुळे प्लास्टरचा साचा त्यांच्याऐवजी माझ्या डोक्यावर घ्यायचं ठरलं. या वयात त्यांना श्वासासाठी नाकात नळ्या घालून कुठे बसवणार. साचा घेण्याआधी चेहऱ्याला तेलाचा जाड थर द्यायचा असतो. मी दिला होता. फक्त डाव्या भुवईवर बहुधा पुरेसा बसला नाही. साचा उत्तम निघाला, त्यातली भुवई तर अगदी खरीखुरी होती, कारण ती माझी होती.

दुसऱ्या दिवशी एका किराणा दुकानात तपासणी होती. खात्याचा निरीक्षक दारात दिसला की दुकानदाराच्या चेहऱ्यावर जो एक आदर उमटतो, त्यावर आमची सगळी नोकरी चालते. त्या दिवशी तो उमटला नाही. मी वजनांवरचा शिक्का बघत होतो आणि दुकानदार माझ्या कपाळाकडे. शेवटी त्याने हळूच विचारलं, "साहेब, घरी सगळं ठीक ना?"

कार्यालयात बातमी पोचायला वेळ लागला नाही. "टोप करताय म्हणे," माझे वरिष्ठ म्हणाले. "किती लिटरचा?" मी शांतपणे सांगितलं की हा स्वयंपाकाचा टोप नसून डोक्यात घालायचा आहे. ते म्हणाले, "तरी आकारमान काढून ठेवा. विचारलं कुणी तर असावं."

मग कागदाचा लगदा आला. घरातली वर्तमानपत्रं संपली तेव्हा शेजाऱ्यांची आणली, आणि वर्तमानपत्रांबरोबर शेजारीही आले. वरच्या मजल्यावरचे ड्रॉइंग मास्तर तर खुर्चीच घेऊन आले. मास्तर निवृत्त झाले असले तरी मधली रेघ त्यांच्या डोक्यातून निवृत्त झालेली नाही. आधी मधली रेघ, मग दोन्ही बाजू सारख्या, हे त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या मुलांना शिकवलं. माझा टोप पाहून त्यांना अस्वस्थ वाटू लागलं.

"डावा डोळा वर घ्या," ते म्हणाले.

"मुळात खालीच आहे."

"मुळात चुकलंय म्हणून तुम्हीही चुकायचं? अहो, वस्तू आहे तशी काढायची नसते. असायला हवी तशी काढायची असते. नाहीतर कॅमेरा काय वाईट आहे?"

"मास्तर, मला तो नेमका तसाच करायचाय."

"मग तुम्ही कलाकृती करत नाही, पंचनामा करताय."

मला ते शब्द लागले नाहीत. पंचनामे मी पुष्कळ केलेत आणि त्यात मला कधी कमीपणा वाटला नाही. मी डावा गाल आणखी फुगवला, भेग पाडली, लांबी भरली. ओघळ मात्र तीनदा करावा लागला, कारण मुद्दाम सोडलेला ओघळ हवा तिथे थांबत नाही. रंगाच्या वासाने जिन्यात लोक नाकाला रुमाल लावून चढू लागले. टोप वाळायला गच्चीवर ठेवला, तर खालच्या मजल्यावरच्या आजी धुणं वाळत घालायला गेल्या आणि धुणं टाकून परत आल्या. वर कुणीतरी गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेला माणूस आहे, असं त्यांचं म्हणणं पडलं.

अखेर टोप पुरा झाला. चिटणीसाच्या चित्रांशेजारी ठेवला तर कुठला कोणता ते ओळखू येईना. मी तो कापडात गुंडाळून सासऱ्यांसमोर ठेवला आणि कापड काढलं.

सासरे खुर्चीतून पुढे वाकले. मग म्हणाले, "हा कुठला?"

"तुमचाच, बाबा."

"माझा असा नव्हता." त्यांनी एका बोटाने डाव्या भोकाला स्पर्श केला आणि बोट मागे घेतलं. "माझा सरळ होता. दोन्ही डोळे एका रेषेत. मला सगळं लख्ख दिसायचं."

मी चित्रं पुढे केली. माझी चूक इतकीच की मी मोजपट्टीही पुढे केली. या भोकापासून त्या भोकापर्यंत, कपाळापासून इथपर्यंत, असं मी सगळं त्यांना दाखवत गेलो, आणि ते ऐकत गेले. सवयीने माझा आवाज मापात खोट सापडलेल्या दुकानदाराशी बोलावं तसा झाला असावा.

"चित्रं चुकली असतील," सासरे म्हणाले. मग उठून काठी घेतली. "मी येत नाही त्या कार्यक्रमाला."

त्यानंतर ते जेवायच्या टेबलावर माझ्याशी बोलायचे थांबले. मीठ हवं असलं तरी हिच्याकडे मागत, आणि मीठ माझ्यासमोर असे.

"तू त्यांना खोटं पाडलंस," ही म्हणाली.

"मी फक्त मोजलं."

"तेच."

मला वाटलं, राग आहे, निवळेल. तोवर परवान्याचं काम तरी उरकावं. सभागृह नगरपालिकेचं होतं आणि तिथे चेहरा झाकून वावरायचं तर परवानगी लागते. खिडकीतल्या कारकुनाने माझा अर्ज वाचला. "टोप घातलेला फोटो लागेल. चेहरा स्पष्ट दिसला पाहिजे."

"टोप घातल्यावर चेहरा दिसत नाही. परवानगी त्याचीच तर मागतोय."

"टोप न घालता काढला तर टोपाची परवानगी कशी देणार?"

"मग घातलेला काढतो."

"मग चेहरा कसा दिसणार?"

मी स्वतः सरकारी माणूस आहे. असले नियम मी लोकांना सांगितलेले आहेत आणि सांगताना ते मला कधी विचित्र वाटले नव्हते. खिडकीच्या या बाजूने मात्र ते वेगळे ऐकू येतात. बऱ्याच चर्चेनंतर असं ठरलं की दोन फोटो चालतील. एक टोप घालून आणि एक टोप हनुवटीवरून वर ढकलून. सासरे टोपाला हात लावत नव्हते, म्हणून नमुना म्हणून मीच बसावं यालाही कारकून तयार झाला.

फोटोवाल्याकडे गेलो. स्टुलावर बसून टोप घातला. घातला आणि अंधार झाला. उजव्या भोकातून समोरच्या भिंतीचा एक तुकडा दिसत होता, डाव्या डोळ्यासमोर नुसता पुठ्ठा.

"समोर बघा," फोटोवाला म्हणाला.

मी समोर बघायचा प्रयत्न केला.

"मान सरळ ठेवा, साहेब."

"सरळच आहे."

"नाही. उजवीकडे गेलीय."

मी मान सरळ केली. पुन्हा अंधार. कॅमेरा कुठे आहे ते समजेना म्हणून मान जराशी हलवली. टोप सैल होता, तो डोक्यावरून किंचित उजवीकडे घसरला, डावं भोक वर सरकून डोळ्यासमोर आलं, आणि फोटोवाला मला दोन्ही डोळ्यांनी स्वच्छ दिसला.

"परत गेली बघा मान," तो म्हणाला. "राहू द्या आता. असाच काढतो."

फोटो हातात आला तेव्हा मी दुकानाच्या पायरीवर बसलो. फोटोत द्वारपाल होता. कलत्या मानेने तो माझ्याकडे बघत होता. त्याने युगानुयुगांचा काही विचार केलेला नव्हता. त्याला फक्त दिसत नव्हतं.

घरी येऊन मी फोटो हिच्यासमोर ठेवला. तिने तो पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा फोटोकडे.

"हा तू आहेस?"

"मी आहे. मी काहीही केलं नाही. टोपानेच केलं."

आतल्या खोलीत सासऱ्यांचा रेडिओ चालू होता.

"बाबांना माहीत असेल?" तिने हळू आवाजात विचारलं.

"घातला तर त्यांनीच होता."

तिने फोटो उलटा करून ठेवला. "दुकानात लोक त्यांच्या डोक्यावर पिशवी टेकवून बूट घालायचे. मी पाहिलंय लहानपणी. घरी आले की ते आम्हाला ती मान सांगायचे." मग म्हणाली, "सरळ टोप कर."

मी वर जाऊन मास्तरांना बोलावलं. त्यांनी विजयाचा चेहरा केला नाही, हे त्यांचं मोठेपण. फक्त खिशातून पेन्सिल काढली आणि साच्यावर कपाळापासून हनुवटीपर्यंत मधली रेघ मारली. रेघ एका दमात सरळ गेली. दोन्ही गाल सारखे झाले, दोन्ही डोळे एका पातळीवर आले, कुठे भेग नाही, ओघळ नाही. आत कापूस लावून तो डोक्यावर घट्ट बसेल असा केला. माझ्या आयुष्यातली ती पहिली वस्तू, जी मी जाणूनबुजून चुकीची केली. ती देखणी झाली होती, हे नाकारता येत नाही.

सासऱ्यांनी तो हातात घेतला, फिरवून पाहिला. "हा," ते म्हणाले. "हा होता." आणि त्या दिवशी त्यांनी मीठ माझ्याकडे मागितलं.

कार्यक्रमाच्या दिवशी दारावरच्या पहारेकऱ्याने परवाना बघितला, टोप बघितला आणि आम्हाला अडवलं. "फोटोत डोळा खाली आहे. शिवाय फोटोतला माणूस हे नाहीत. आणि फोटोतल्या माणसाला भुवई एकच आहे." शेवटच्या मुद्द्यावरून तो मीच असल्याचं सिद्ध झालं. भुवई अजून पुरती आली नव्हती. सभागृहात टोप माझ्या ताब्यात राहील आणि काही झालं तर जबाबदार मी, असं लेखी घेऊन त्याने आत सोडलं.

नवी प्रत खरंच स्वच्छ होती. द्वारपाल पडद्यावर आला आणि त्याचा वाकडा टोप, फुगलेला गाल, ओघळ, सगळं सगळं भिंतीएवढं मोठं दिसलं. माझ्या शेजारी सासरे मांडीवर हात ठेवून बसले होते. त्यांनी मान खाली घातली आणि तो प्रसंग संपेपर्यंत वर केली नाही.

दिवे लागले. चिटणीस मंचावर आला. टेबलावरच्या टोपावरचा रुमाल त्याने काढला आणि तसाच उभा राहिला.

"हा तो नाही," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, दुःख होतं, म्हणून ते जास्त अवघड होतं. "सर्वांनी आत्ताच पाहिलंय. मला मंडळापुढे असत्य ठेवता येणार नाही." मग त्याने मला शोधून काढलं. "आपण वजन-मापे खात्यात आहात. आपणच सांगा. पडद्यावरचा टोप आणि हा टोप, एक आहे का?"

सगळं सभागृह माझ्याकडे वळलं. मी उभा राहिलो. इतकी वर्षं लोकांना मापात पाप केल्याबद्दल दंड ठोठावणारा माणूस मी. माझ्या शेजारी सासऱ्यांनी काठीची मूठ घट्ट धरली होती आणि ते माझ्याकडे बघत नव्हते.

"फरक आहे," मी म्हणालो.

काठी जराशी हलली.

"पण कुठलंच माप दुसऱ्या मापाशी तंतोतंत जुळत नाही. त्यासाठी आमच्याकडे मान्य फरक असतो. त्याच्या आत असलं तर माप बरोबर धरतात. हा फरक मान्य फरकाच्या आत आहे."

"दोन बोटं?" चिटणीस म्हणाला.

"वस्तू कोणती, त्यावर ते ठरतं. मी तपासलं आहे."

असं मी माझ्या खात्याच्या नावावर, भरल्या सभेत सांगितलं. माझे कान तापले होते. चिटणीसाने तोंड उघडलं, पण तोवर सासरे उठले होते. ते सावकाश पायऱ्या चढले. काठी त्यांनी चिटणीसाच्या हातात दिली आणि टोप घातला.

तो डोक्यावर घट्ट बसला. घसरायला जागाच नव्हती. दोन्ही डोळ्यांना दोन्ही भोकं होती आणि त्यांना सगळं दिसत असणार. पूर्ण उंचीने ते उभे राहिले, मान सरळ. काहीच होईना. कुणीतरी खोकलं. मी खुर्चीचा हात धरला.

मग मान हलली. उजवीकडे निघाली, मध्येच थांबली, जणू आपण जावं की नाही याचा विचार करतेय, आणि पुन्हा निघाली. पडद्यावरची मान पटकन जाते. मंचावरची तशी गेली नाही. तिला वेळ लागला, आणि ती पडद्यावरच्यापेक्षा जास्त कलली. फरक मला ढळढळीत दिसत होता. तिथे उभा असलेला माणूस फार काळ एका दारात उभा होता आणि आता त्याला कशाचंच नवल वाटत नव्हतं. मग सासरे एक पाऊल बाजूला झाले आणि चिटणीस, हातात काठी घेऊन, त्यांच्या पुढून वाट मिळाल्यासारखा निघून गेला. कुठे जायचं हे त्याचं त्याला माहीत नसावं.

टाळ्या बऱ्याच वेळाने सुरू झाल्या.

परतताना टॅक्सीत ही पुढे बसली, आम्ही दोघे मागे. टोप सासऱ्यांच्या मांडीवर होता.

"परवान्याचा फोटो तुम्ही तो वाकडा घालून काढलात," ते म्हणाले.

"हो."

"मान कुठे गेली?"

"उजवीकडे."

त्यांनी मान डोलावली. बाहेर दुकानं मागे जात होती. "दिग्दर्शक म्हणाला, सरळ उभा राहा. मी म्हटलं, साहेब, दिसत नाही. मग तो कॅमेऱ्याला डोळा लावून बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, राहू दे, असाच राहा." ते खिडकीकडे वळून म्हणाले, "एवढंच झालं होतं."

मी विचारलं, "आज दिसत होतं ना पण? नीट?"

"सगळं. शेवटच्या रांगेपर्यंत."

"मग मान?"

सासऱ्यांनी टोपावरून हात फिरवला.

"आज मी वाकवली," ते म्हणाले.